अ‍ॅव्हरेज

पहिल्या पानावर तारीख, आकडा
आणि डिझेलचा एक डाग,
ज्यातून दुसरं पान दिसतं.
इब्रीच्या पंपावर त्या दिवशी
टाकी गळ्यापर्यंत भरून
मी पेन खिशाऐवजी कानावर ठेवलं,
ते तिथंच राहिलं.

बावीस वर्षं.
चार वह्या, पाचवी अर्धी.
लिटर, किलोमीटर, भागाकार,
आणि समासात शेरे:
बकऱ्या सात, एसी बंद.
समोरून वारा, नऊ पूर्णांक दोन.
एअर फिल्टर झटकला, वाटीभर वाळू.
बाबा शेजारी, काच उघडी, खोकला.
रिकामी परत, बारा पूर्णांक एक!
हे उद्गारचिन्ह मी आयुष्यात
आणखी कुठं दिल्याचं आठवत नाही.

मुल्कियावर नाव हमूद बिन नासरचं.
मी कागदावर कुठंच नव्हतो,
होतो तो बॉनेटच्या कडेला,
ग्रीसच्या अंगठ्यापुरता.
बाबा म्हणायचा,
उंटीण पाणी पाजणाऱ्याला ओळखते,
तिला वाचता येत नाही.
मी मान डोलवायचो, ऑइल बदलायचो
पाच हजाराला, म्हणजे पाचच हजाराला,
जसं कुणी गुरुवार धरतं.

चार लाख बारा हजार सहाशे चाळीसला
मीटरची केबल तुटली.
गॅरेजवाला म्हणाला, राहू दे की,
विकताना बरंच आहे.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
दुसऱ्या दिवसापासून रस्ताच मोजत गेलो:
पंप ते तन्आमची खजुरी,
तिथून फहूदचा फाटा,
यनकूलकडे डोंगराच्या सावलीत
चहाची टपरी टाकलेला कुंजुमोन, ठोकळ एकसष्ट.
काटा मेला होता,
अंतर कुठं मेलं होतं?

डिझेल शंभर बैसांच्या घरातून
अडीचशेपार गेलं.
मुलगा फोनवर म्हणाला, नवी घ्यायला सांगा ना त्यांना.
त्याला कसं सांगू,
की थंडीत ही दुसऱ्या सेल्फला उठते
आणि उठण्याआधी खाकरते,
आणि मी त्या खाकरण्यावर
दिवस कसा जाणार ते ओळखतो.

स्वतःचा भागाकार मी एकदाच केला.
अकरा खेपा देवरुखला, खेपेला चाळीस दिवस,
बावीस वर्षांना भागून
उत्तर आलं अठरा.
घरच्या एका दिवसावर
मी इथं अठरा दिवस धावतो.
पान बराच वेळ उघडं ठेवलं.
मग वाटलं, वाईट नाही,
ही तर रिकामीसुद्धा बाराच देते.

बाबा गेला खजूर उतरवायच्या महिन्यात.
सईद आला पेट्रोलची मोठी गाडी घेऊन,
इंजिन चालूच ठेवून बोलला.
वही चाळताना माझं शून्य
त्याला अरबी पाच वाटलं.
मी दुरुस्त केलं नाही.
कधी नव्हे ते आपण जास्त दिसतोय, दिसू दे.

गिऱ्हाईक वर्सामे नावाचा,
सोहारहून बोटीनं बर्बेराला नेणार म्हणाला.
टायर लाथाडला नाही, हात ठेवला,
तिथंच मला पसंत पडला.
किती पळालीय?
मी पाचही वह्या बॉनेटवर मांडल्या.
माझा एक त्याला नऊ दिसला.
लिटरला नव्व्याण्णव?
तो हसला, मीही हसलो,
सईदनं घड्याळात पाहिलं.

मग मी त्याला बोटांनी अकरा दाखवले,
एक बोट पुन्हा उचलून.
सांगितलं, सकाळी उतारावर एसी नको,
टाकी भरशील तर गळ्यापर्यंतच,
नाहीतर हिशेब लागत नाही.
अर्धी वही त्याला दिली,
पेनसुद्धा.

गाडी निघाली.
वळणापर्यंत त्यानं दुसरा गिअर सोडला नाही.
अर्धा किलोमीटर गेला तिथंच, फुकट,
आणि माझा हात
कानाकडे गेला.